लहान घरासाठी साधे आणि भरवशाचे वॉशिंग मशीन कसे निवडावे

सांगलीत दसरा-दिवाळीच्या सुमारास दुकानांत वॉशिंग मशीनपुढे उभी असलेली कुटुंबे बहुतेक वेळा किंमत, किलो आणि सवलत यांचीच चौकशी करताना दिसतात. मशीन आठ-दहा वर्षे बिनतक्रार चालेल की दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडेल, हे मात्र घरातला पाण्याचा दाब, मोरीचा उतार, विजेचा प्लग आणि गावात मिळणारा मेकॅनिक यांवर ठरते. लहान घरात चुकीच्या निवडीचा त्रास अधिक जाणवतो, कारण बंद पडलेले मशीन कामाला येत नाही आणि अडवलेली जागाही सोडत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातल्या काही गोष्टी तपासून कागदावर लिहून काढाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी पाणी पाहावे

मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह विजेने उघडतो, पण पाणी आत ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते. ती टाकीच्या उंचीतून मिळावी लागते. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेली टाकी नळापेक्षा जेमतेम दोन-अडीच मीटर उंच असते, त्यामुळे तेथे ०.२ ते ०.२५ बार एवढाच दाब भरतो. अपार्टमेंटमध्ये हीच अडचण सर्वांत वरच्या मजल्यावर येते, कारण टाकी डोक्यावरच असली तरी उंचीचा फरक सर्वांत कमी तेथेच असतो, आणि त्याच इमारतीत तळमजल्यावरचे मशीन मात्र व्यवस्थित भरते. अनेक फ्रंट लोड, म्हणजे समोरच्या दारातून कपडे घालायच्या, मशीनना याहून अधिक दाब लागतो आणि तो न मिळाल्यास मशीन पाण्याची वाट पाहून मध्येच थांबते व चूक दाखवते. मेकॅनिक येतो, काही बदलतो, पैसे घेतो आणि आठवड्याने तेच घडते, कारण दोष मशीनमध्ये नसतोच.

याची चाचणी घरच्या घरी करता येते. जेथे मशीन जोडायचे आहे त्याच नळाखाली १० लिटरची बादली ठेवावी, नळ पूर्ण सोडावा आणि मोबाइलवर वेळ लावावी. टाकी काठोकाठ भरलेली असताना एकदा आणि ती तळाला गेलेली असताना एकदा, अशा दोन्ही वेळी हे करावे, कारण रोजच्या वापरात मशीनला दोन्ही परिस्थितींना तोंड द्यावे लागते. बादली सव्वा मिनिटाच्या आत भरत असेल तर बहुतेक मशीन चालतात. दोन मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर फ्रंट लोडचा विचार बाजूला ठेवावा, किंवा टाकीखाली लोखंडी स्टँड, टाकीपासून थेट स्वतंत्र पाइप अथवा छोटा प्रेशर पंप यांपैकी काय करता येईल ते प्लंबरला विचारावे. टाकी एक मीटर उचलली तर दाब केवळ ०.१ बारने वाढतो, हे लक्षात घेऊन खर्चाचा हिशोब करावा. प्रत्येक मशीनला किमान किती दाब हवा ते त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, आणि दुकानदाराकडून ती पुस्तिका पाहायला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

ज्या घरांत स्लॅबवर टाकीच नाही, नळाला ठरावीक वेळी पाणी येते आणि ते पिंपात भरून ठेवले जाते, त्या घरांनी सेमी ऑटोमॅटिकच (धुण्याचा आणि पिळण्याचा टब वेगळा असलेले, थोडक्यात सेमी) घ्यावे. त्यात बादलीने पाणी ओतता येते, आणि एकदा भरलेल्या साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी व फडकी असे तीन हात काढता येतात. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या भागांत उन्हाळ्यात पाण्याचा थेंब न् थेंब मोजला जातो, तेथे या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

पाण्याचा दाब जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा जडपणा महत्त्वाचा आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी बाटली अर्धी भरून त्यात द्रवरूप साबणाचे काही थेंब टाकावेत आणि जोरात हलवावी. वर दाट फेस आला आणि खालचे पाणी स्वच्छ राहिले तर पाणी हलके आहे. फेस लगेच विरून पाणी दुधाळ झाले तर ते जड आहे. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला जमणारा पांढरा थर हीसुद्धा तीच खूण आहे. पाणी तापवले की हे क्षार खाली बसतात, म्हणून हीटर असलेल्या मशीनमध्ये हीटरवर त्यांचा थर साचत जातो. अशा पाण्यावर चालवण्यासाठी हीटर नसलेले मशीन अधिक काळ टिकते, आणि हीटरचेच घ्यायचे असेल तर क्षार काढण्याची पावडर वापरून ठरावीक काळाने रिकामे मशीन चालवण्याची तयारी ठेवावी.

जागा, उंबरा आणि जिना

मशीनची लांबी-रुंदी मोजताना सर्वसाधारण आकार डोळ्यांसमोर असावेत. साडेसहा-सात किलोचे सेमी सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटरच्या आसपास खोल असते. त्याच क्षमतेचे टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक (वरून कपडे घालायचे, धुणे-पिळणे एकाच टबात आपोआप करणारे) दोन्ही बाजूंनी साधारण ५५ सेंटिमीटरचे, जवळजवळ चौकोनी असते. फ्रंट लोडची रुंदी बहुधा ६० आणि उंची ८५ सेंटिमीटर असते. कागदावर हे आकडे जागेत बसतात, पण टॉप लोडचे झाकण उघडले की ते वर १३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे वर फळी, गीझर किंवा नळाची तोटी असेल तर झाकण अर्धेच उघडते. फ्रंट लोडला समोर दार उघडून खाली वाकण्याइतकी जागा लागते, आणि एक खोली-स्वयंपाकघराच्या घरात नेमकी तीच जागा येण्याजाण्याची वाट असते. मागे पाइपसाठी आणि बाजूंना धक्क्यासाठी चार-पाच सेंटिमीटर मोकळे सोडावे लागतात, तेही मापात धरावेत.

फरशीवर मशीनच्या मापाचा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र दोन दिवस पसरून ठेवावे आणि घरातल्या सर्वांनी आपापली कामे नेहमीप्रमाणे करावीत. कोणाचा पाय कोठे अडतो, न्हाणीघराचे दार पूर्ण उघडते की नाही, सकाळच्या घाईत बादली कोठून न्यावी लागते, हे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप कळते.

त्यानंतर रस्त्यापासून त्या जागेपर्यंतची सर्वांत अरुंद जागा मोजावी. गावभाग, खणभाग यांसारख्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांचे जिने अरुंद असतात आणि वळणावर खोक्यासकट मशीन फिरत नाही. फ्रंट लोडच्या पोटात तोल सांभाळण्यासाठी काँक्रीटचे किंवा तसलेच जड ठोकळे असतात, म्हणून त्याचे वजन ५५ ते ७० किलो भरते. सेमी मात्र २०-२५ किलोच्या आसपास असते. कृष्णाकाठच्या लोकांसाठी हा फरक नुसत्या हमालीचा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरले त्यांना ठाऊक आहे, की पाणी वाढत असताना दोन माणसांनी उचलून माडीवर नेता येते तेवढेच सामान वाचते. पूररेषेजवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांना मी हलकेच मशीन घ्या असे सांगेन. आणि एखादे मशीन पुराच्या पाण्यात बुडालेच, तर ते वरून कोरडे दिसते म्हणून चालू करू नये. मेकॅनिककडून उघडून, मोटर व कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) तपासून, पूर्ण सुकवल्यानंतरच त्याला वीज द्यावी.

आता उंबऱ्याविषयी. लोक हा मुद्दा हमखास विसरतात, म्हणून तो नीट समजून घ्यावा. सेमी आणि बरीचशी टॉप लोड मशीन वापरलेले पाणी पंपाने फेकत नाहीत. ते नुसत्या उताराने वाहून जाते. मशीन मोरीतच असेल तर काही अडचण नाही. पण जागेअभावी ते मोरीबाहेर ठेवले आणि ड्रेन पाइप मोरीच्या दगडी उंबऱ्यावरून आत सोडला, तर पाइप जेथे वर उचलला जातो तेथे पाणी अडते. टबच्या तळाशी साबणाचे गढूळ पाणी राहते आणि कपडे त्यातच पुन्हा भिजतात. यावर तीन उपाय आहेत: उंबऱ्याच्या तळाशी पाइपपुरते भोक पाडून घेणे, मशीन उंबऱ्याहून उंच अशा पक्क्या चौथऱ्यावर ठेवणे, किंवा ड्रेन पंप असलेलेच मॉडेल घेणे. फ्रंट लोडमध्ये पंप असतोच, पण त्याचा नियम उलटा आहे: पाइपचे तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवावे लागते. ते खाली टाकले तर भरता भरताच पाणी निसटून जाते आणि मशीन भरतच राहते.

चाकांचा स्टँड सोयीचा वाटला तरी फ्रंट लोडखाली तो वापरू नये, कारण वेगात पिळताना मशीन जागचे सरकते. लहान घरात सेमी रोज आत-बाहेर ढकलावे लागत असेल तर त्याच्या स्वतःच्या चाकांवर काम भागते.

वीज

हीटर असलेले मशीन २००० वॅटपर्यंत वीज घेते, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या प्लगला ते जोडणे धोक्याचे आहे. मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, आणि एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. सेमीची मोटर बहुधा ५०० वॅटच्या आतच असते, पण तिलाही अर्थिंग तितकेच आवश्यक आहे. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ओले कपडे काढण्याचे हे काम असल्यामुळे या बाबतीत कोणतीही काटकसर करू नये. मशीन घेण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार नुसती पिनेपर्यंत आलेली आणि पुढे कशालाच न जोडलेली आढळते. प्लग पाणी उडणार नाही अशा उंचीवर असावा.

कोणता प्रकार, किती किलो

किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचे वजन, आणि तेही सुती कपड्यांच्या पूर्ण धुलाईसाठी दिलेले असते. दोन दिवसांचे कपडे एका पोत्यात भरून ताणकाट्याला अडकवून पाहिले की आपली गरज नेमकी कळते. एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते आणि एक मोठी चादरही तेवढीच, त्यामुळे अंदाजाने केलेली बेरीज बहुधा चुकते. चौघांच्या घराला साडेसहा-सात किलो पुरतात. गोधडी किंवा वाकळ धुता यावी म्हणून मोठे मशीन घेण्याचा विचार सोडून द्यावा. भिजलेल्या गोधडीचे वजन बेअरिंगवर आणि सस्पेन्शनवर येते, आणि वर्षातून दोनदा करायच्या कामासाठी रोजची जागा अडते.

शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष जपावी. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागेत फवारणी करून आलेले कपडे घरच्या कपड्यांबरोबर कधीही टाकू नयेत. ते वेगळे धुवावेत, मशीनमध्येच धुतल्यास त्यानंतर साबण घालून एक रिकामी फेरी चालवावी. हळदीच्या व्यवहारात असणाऱ्यांच्या कपड्यांचेही तसेच, पण तेथे प्रश्न आरोग्याचा नसून इतर कपडे पिवळे पडण्याचा आहे.

प्रकाराबाबत माझे मत स्पष्ट आहे. लहान घर, बेताचा दाब आणि साधी गरज असेल तर हीटर नसलेले, बटणांचे साधे टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक सर्वांत समतोल ठरते. ते कमी जागा घेते, झाकण उघडून मध्येच राहिलेला मोजा टाकता येतो आणि ज्येष्ठांना वाकावे लागत नाही. त्याचा दोष म्हणजे पाणी: पूर्ण भाराच्या एका फेरीला ते १०० लिटरच्या पुढे सहज जाते, तर फ्रंट लोड त्याच्या निम्म्यात भागवते. कपड्यांची झीजही फ्रंट लोडमध्ये कमी होते आणि धुलाई निश्चितच चांगली होते. परंतु त्याला दाब, भक्कम सपाट फरशी, स्वतंत्र प्लग आणि कमी फेसाची पावडर या चारही गोष्टी मिळाल्या पाहिजेत. त्या मिळत असतील तर ते आवर्जून घ्यावे, एकही कमी असेल तर घेऊ नये.

सेमीला आजकाल कमी लेखले जाते, हे मला पटत नाही. त्यात दोन वेगळ्या मोटरी, दोन घड्याळी टायमर आणि ब्रेकची एक तार, एवढाच मुख्य पसारा असतो. कार्ड नसते, त्यामुळे व्होल्टेजच्या चढउतारात जळण्यासारखे फारसे काही नसते, आणि टायमर बिघडला तर तो बाजारात सहज मिळतो. त्याचा ड्रायर मिनिटाला १३०० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, म्हणजे साध्या टॉप लोडच्या ७०० फेऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक पिळतो. साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढा-पाटणकडे, जेथे पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेथे हा फरक नाकाला जाणवतो. मात्र कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकण्यासाठी माणूस जवळ असावा लागतो. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असतील तर सेमीचा कंटाळा येतो आणि ते पडून राहते.

साधे आणि भरवशाचे म्हणजे काय

दुकानात पंधरा-वीस प्रोग्रॅमची यादी दाखवली जाते, पण बहुतेक घरांत नेहमीचा, झटपट आणि नाजूक असे तीनच वापरले जातात. मोबाइलवरून चालणारे मशीन, रंगीत पडदा, काचेचे झाकण यांना नकार द्यावा आणि तो पैसा पुढील गोष्टींवर लावावा: स्टेनलेस स्टीलचा ड्रम, गंज न लागणारी प्लास्टिकची किंवा चांगल्या लेपाची बॉडी, ओलावा लागू नये म्हणून राळेत बुडवून बंद केलेले कार्ड, वीज गेल्यावर जेथे थांबले तेथूनच पुढे चालू होण्याची सोय, आणि खाली उंदीर शिरू नये म्हणून जाळी किंवा बंद तळ. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु आपल्याकडे उंदरांनी वायरी कुरतडून मशीन बंद पडणे नित्याचे आहे आणि तो बिघाड बहुधा वॉरंटीत धरला जात नाही.

मोटरवर १० वर्षांची वॉरंटी अशी मोठी अक्षरे पाहून निश्चिंत होऊ नये. ती वॉरंटी फक्त मोटरची असते, आणि प्रत्यक्षात बंद पडतात ते कार्ड, पाणी घेणारा व्हॉल्व्ह, ड्रेन पंप, बेअरिंग आणि दाराचे रबर, ज्यांची जबाबदारी बहुधा दोन वर्षांनी संपते. म्हणून दुकानात मोटरपेक्षा कार्डाची किंमत विचारावी. ती मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जात असेल तर ते मॉडेल सोडून द्यावे.

मॉडेल पक्के करण्यापूर्वी आपल्या पेठेतल्या एखाद्या स्वतंत्र मेकॅनिककडे जावे. विक्रीशी त्याचा संबंध नसल्यामुळे कोणत्या मॉडेलचा कोणता भाग वारंवार येतो, कोणाचे सुटे भाग सांगलीतच मिळतात आणि कोणाचे कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवावे लागतात, हे तो मोकळेपणाने सांगतो. सेवा केंद्राचा माणूस शहरातच बसतो की आठवड्यातून एकदा येतो, हेही तेथेच समजते. बाजारात नुकतेच आलेले मॉडेल घेण्यापेक्षा दोन-तीन वर्षे विकले गेलेले घ्यावे, कारण त्याचे गुणदोष मेकॅनिकच्या हाताखालून गेलेले असतात.

दुकानात आणि बसवताना

बिलावर मशीनचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्यावा. बसवण्याचे शुल्क, नळाचा ॲडॅप्टर, जास्तीचा पाइप आणि स्टँड किमतीत धरले आहेत का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. दुकानात मांडलेला नमुनाच घरी पाठवला जाणार नाही, बंद खोके येईल, हे बिलावर लिहून घेणे चांगले.

मशीन बसवताना घरातल्या जाणत्या माणसाने शेवटपर्यंत तेथे थांबावे. फ्रंट लोडच्या मागे ड्रम जखडून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवले तर ते खोलीभर थडथडते आणि आतून मोडते. हे बोल्ट काढून घेऊन पिशवीत जपून ठेवावेत, घर बदलताना ते पुन्हा लागतात. त्यानंतर मशीनच्या वर पाण्याने भरलेले ताट ठेवून चारही बाजूंनी पातळी पाहावी, पाय फिरवून ती सारखी करावी आणि पायाचा नट आवळून घ्यावा. कोपरे एकेक करून दाबले असता मशीन डुलता कामा नये. मेकॅनिक असतानाच कपड्यांशिवाय एक पूर्ण फेरी चालवावी, पाणी भरताना आणि सोडताना प्रत्येक जोडावर हात फिरवून गळती पाहावी, टब पूर्ण रिकामा झाला की नाही ते आत बोटे लावून तपासावे, आणि हे सारे झाल्यावरच त्याच्या कागदावर सही करावी.